धुराड्याखालचा पट्टा

आमच्या छपराच्या उत्तरेकडच्या उतारावर, धुराड्याच्या बरोबर खाली, एक पट्टा होता. धुराड्याइतकाच रुंद, तिथून निघून थेट पन्हळीपर्यंत उतरलेला. बाकीचा उतार वर्षागणिक काळवंडत गेला, शाईची दौत लवंडावी तसे काळे ओघळ त्यावर आले; हा पट्टा मात्र पहिल्या दिवशी होता तसाच करडा राहिला. मागच्या अंगणात पानं गोळा करताना, मुलीला झोका देताना तो सारखा नजरेस पडायचा. धुराड्याच्या उबेमुळे तिथे ओल धरत नसावी, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. ती तेवीस वर्षं टिकली. २०२२ च्या जूनमध्ये छप्पर बदलायला काढलं तेव्हा तो पट्टा कशामुळे राहिला ते कळलं, आणि ज्यांच्याकडे धावत जाऊन सांगावं त्या अण्णांना जाऊन तोवर चौदा वर्षं झाली होती.

अण्णा हे नाव माझ्या आईने ठेवलेलं. ते आमचे शेजारी. आईबाप इटलीतून आलेले, स्वतः इथेच अमेरिकेत जन्मलेले, चाळीस वर्षं छपरांची कामं करून निवृत्त झालेले. आई चिपळूणजवळच्या आमच्या गावाहून १९९९ च्या मे महिन्यात पहिल्यांदा अमेरिकेत आली. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला सगळे नुसत्या नावाने हाक मारतात, हे तिला बघवेना. "माझ्या थोरल्या भावाच्या वयाचे आहेत ते. मी त्यांना अण्णाच म्हणणार." त्यांच्या कानाला ते बाईचं नाव वाटलं. दोन दिवस ते मनापासून हसले, आणि तिसऱ्या दिवसापासून हाकेला ओ द्यायला लागले. त्यांच्या बायकोला मग आम्ही ओघानेच काकू म्हणू लागलो.

आम्ही राहतो ते रॉचेस्टर हे न्यूयॉर्क राज्यातलं, ऑन्टारिओ सरोवराच्या काठचं शहर. हिवाळ्यात सरोवरावरून वारं बाष्प घेऊन येतं आणि शहरावर बर्फ ओततं. वर्षाला शंभर इंचांच्या आसपास. आमच्या गावाकडे पाऊसच शंभर इंचांहून जास्त पडतो, त्यामुळे आकाशातून पडणाऱ्या पाण्याचं मला कधी भय वाटलं नव्हतं. पण कोकणातलं पाणी छपरावर थांबत नाही. कौलांवर आदळतं, पागोळ्यांनी वळचणीखाली पडतं, परसातून व्हाळात जातं. इथलं पाणी छपरावर चार-चार महिने बसून राहतं आणि आत शिरायला वाट शोधतं. हा फरक मला घर घेताना कुणी सांगितला नाही, आणि मलाही विचारायचं सुचलं नाही.

घर १९५२ साली बांधलेलं, दीड मजली. वरच्या खोल्यांच्या भिंती निम्म्या उंचीवर छपराच्या उतारातच मिसळतात. आम्ही ते १९९६ मध्ये घेतलं. पहिले दोन हिवाळे निभावले. तिसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी, मार्च महिन्यात एका रात्री, सहा वर्षांची लेक आमच्या खोलीत येऊन म्हणाली, "बाबा, माझ्या भिंतीला घाम आलाय." जाऊन पाहिलं तर तिच्या उशाशी भिंतीवरून पाणी ओघळत होतं आणि रंगाखाली पाण्याचा फुगा आला होता, हाताला लिबलिबीत लागणारा.

सकाळी मी बाहेर येऊन वळचणीकडे पाहत उभा राहिलो. पुरुषभर लांबीचे बर्फाचे सुळके लोंबत होते. अण्णा त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढत होते. फावडं टेकवून तेही माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. आमची ओळख तोवर हात हलवण्यापुरतीच होती. ते म्हणाले, "सुळके सगळ्यांना सुंदर दिसतात. मला नाही दिसत. तुझं छप्पर गळतंय ते नंतर बघू. आधी तुझ्या घराची ऊब गळतेय."

मग थंडीत उभं राहून त्यांनी मला अर्धा तास समजावून सांगितलं. खोल्यांमधली ऊब माळ्यावर चढते. माळा तापला की छपरावरच्या बर्फाचा खालचा थर वितळतो. ते पाणी उतारावरून खाली येतं. वळचण भिंतीच्या बाहेर लोंबती, तिच्याखाली ऊब नाही, तिथे येऊन पाणी पुन्हा गोठतं. असा बर्फाचा बांध तयार होतो आणि मागून येणारं पाणी त्याच्यामागे तुंबतं. छपरावरच्या शिंगल्स एकावर एक अर्ध्या झाकून बसवलेल्या असतात, माशाच्या खवल्यांसारख्या. वरून खाली वाहणारं पाणी त्यांच्यावरून निघून जातं. तुंबलेलं पाणी मात्र खालून वर चढतं आणि त्यांच्या पोटात शिरतं. बोलता बोलता त्यांनी एका हाताची बोटं दुसऱ्या हाताच्या बोटांवर ठेवून पाणी कसं चढतं ते दाखवलं. ती बोटं मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिली. उजव्या हाताची तर्जनी पहिल्या पेरापाशी वाकडी झालेली, नखं जाड, पिवळसर, आणि तळव्याच्या रेषांत डांबराचा काळपटपणा कायमचा मुरलेला.

बर्फ वितळल्यावर एप्रिलमध्ये ते पुन्हा आले. पन्हळीच्या नळातून जमिनीवर पडलेली काळी-करडी वाळू त्यांनी मुठीत घेतली आणि माझ्या तळहातावर ओतली. "हे तुझं छप्पर." शिंगल म्हणजे मधे काचतंतूंची जाळी, तिच्यावर डांबर आणि त्यावर दगडाचे रंगीत कण दाबून बसवलेले. ऊन डांबराला मारतं. ते कण त्याची ढाल. कण झडले की डांबर उघडं पडतं, वाळतं, तडकतं, कडांना मुडपतं. माझ्या छपराचे कण पन्हळीत येऊन पडले होते. छप्पर बदलायलाच हवं होतं.

मी अण्णांना ते काम करणार का असं विचारलं नाही. त्यांच्या खुब्याची शस्त्रक्रिया झालेली होती, आणि पुन्हा शिडी चढणार नाही असा शब्द त्यांनी काकूंना दिलेला होता. ते सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. मी एका ठेकेदाराला काम दिलं, निम्मे पैसे आगाऊ दिले. त्याने जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दक्षिणेकडची बाजू घाईघाईने उरकली, उत्तरेकडच्या जुन्या शिंगल्स उखडून काढल्या, उघड्या फळ्यांवर निळी ताडपत्री टाकली आणि तो यायचा थांबला. फोन उचलेना. चार दिवस गेले. हवामानखात्याने रविवारी रात्री वादळी पाऊस सांगितला.

गुरुवारी संध्याकाळी आई मागच्या पायरीवर बसून त्या ताडपत्रीकडे बघत होती. म्हणाली, "आगोट तोंडावर आली आणि घर उघडं. आपल्याकडे असं कुणी कुणाचं ठेवत नाही रे." तिला गावची आठवण आली असणार. आमच्याकडे दर वैशाखात कौलं परतायला एक काका यायचे. वर चढून एकेक कौल उचलायचे, फुटकी बाजूला काढायचे, वाश्यांवरची कुजलेली रीप बदलायचे. खालून आम्ही मुलं आणि आई रांगेने उभे राहून कौलं हातोहात वर द्यायचो. मृग लागायच्या आत ते काम झालंच पाहिजे, आणि कितीही घरं हातात असली तरी ते काका कुणाचं घर अर्धं टाकून गेल्याचं मला आठवत नाही.

ती हे बोलत होती तेव्हा कुंपणापलीकडे अण्णा उभे होते. त्यांना शब्द कळले नसतील. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता आमच्या दाराशी त्यांचा ट्रक होता, मागे शिड्या, दोऱ्या, एक जुनी घडीची खुर्ची. बरोबर त्यांचा भाचा, तोही याच धंद्यातला. "तुझे मित्र बोलाव," ते म्हणाले. "ज्यांना उंचीची भीती वाटत नाही तेवढेच."

मी ऑफिसला कळवलं आणि मराठी मंडळातल्या दोघांना फोन केले. शुक्रवार, शनिवार आणि रविवार, असे ते तीन दिवस.

अण्णा अंगणात खुर्ची टाकून बसले आणि तिथून त्यांनी छप्पर बांधलं. उत्तरेचा उतार नऊ स्क्वेअर. छपराच्या धंद्यात शंभर चौरस फुटांना एक स्क्वेअर म्हणतात, आणि एका स्क्वेअरला शिंगल्सचे तीन गठ्ठे लागतात. म्हणजे सत्तावीस गठ्ठे, प्रत्येक सत्तावीस किलोच्या आसपास. ते आम्ही खांद्यावर टाकून शिडीने वर नेले. एका स्क्वेअरला ऐंशी शिंगल्स, प्रत्येकीला चार खिळे. पहिल्या रात्री झोप येईना तेव्हा मी हिशेब केला: सातशेवीस शिंगल्स, दोन हजार आठशे ऐंशी खिळे. त्यातला प्रत्येक खिळा ठरलेल्या रेषेवरच बसायला हवा. रेषेच्या वर गेला तर शिंगल वाऱ्याने उचकटते, तिरका गेला तर त्याचं डोकं वरच्या शिंगलला भोक पाडतं, फार जोराने मारला तर शिंगलच्या आरपार जातो. माझे पहिले पन्नास-साठ खिळे अण्णांनी नुसत्या आवाजावरून ओळखले. खुर्चीतूनच म्हणायचे, "तो काढ. तो खोल गेला."

त्यांनी मला स्वतःची हातोडी दिली होती. एका बाजूला हातोडी, दुसऱ्या बाजूला छोट्या कुऱ्हाडीसारखं पातं, आणि पात्याला ओळीने भोकं. एका भोकात खुंटी अडकवली की खालच्या शिंगलच्या कडेपासून वरची शिंगल बरोबर पाच इंचांवर बसवता येते. मूठ हिकरीच्या लाकडाची, हाताच्या घामाने मधे बारीक झालेली. तिच्यात माझा पंजा नीट बसायचा नाही; तिला दुसऱ्याच हाताची सवय होती.

वळचणीपासून सुरुवात. आधी कडेला पत्र्याची पट्टी, मग चिकट डांबरी पडदा, भिंतीच्या आतल्या रेषेपासून आणखी दोन फूट वर जाईल इतका. पुन्हा कधी बांध झालाच तर पाणी याच्यावर अडावं म्हणून. त्यावर डांबरी कागद. मग निळ्या खडूची दोरी दोन टोकांना ताणून टिचकीने आपटायची की कागदावर सरळ रेष उमटते. ते काम माझ्या बायकोने हातात घेतलं आणि तीन दिवस दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा सहा इंच सरकवायची, म्हणजे सांध्यावर सांधा येत नाही. पहाटे साडेपाचला चढायचं आणि ऊन तापायच्या आत उतरायचं, कारण तापलेल्या शिंगलवर पाय पडला की कण बुटाला चिकटून येतात. दुपारभर माळ्यातलं काम. आढ्याशी हवा बाहेर जायला लांब फट आणि वळचणीच्या खालच्या बाजूला हवा आत यायला भोकं, हे अण्णांनी आग्रह धरून करून घेतलं. ते सांगत होते तेव्हा आई मला म्हणाली, "म्हणजे आपली कौलं करतात तेच ना? चुलीचा धूर कौलांतूनच जायचा. घर श्वास घ्यायचं." मी ते भाषांतर करून सांगितलं. अण्णांनी खुर्ची तिच्या बाजूला वळवली आणि कौलांबद्दल एकामागून एक प्रश्न विचारले.

त्या दोघांचं ते बोलणं मला जपून ठेवावंसं वाटतं. आईने सांगितलं की आधी कुंभार नळीची कौलं करायचे, मग मंगलोरी आली. मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरात काढला. ती माहिती मी जोडली. अण्णांनी सांगितलं की शिंगल तशी अलीकडची. मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या हेन्री रेनॉल्ड्स नावाच्या छपरवाल्याने १९०३ च्या सुमारास डांबरी छपराच्या गुंडाळ्या कापून त्यांचे तुकडे करायला सुरुवात केली. अण्णांचे वडील मात्र आयुष्यभर स्लेटची छपरं करत आले. न्यूयॉर्क आणि व्हरमाँटच्या सीमेवर, ग्रॅनव्हिलच्या आसपास, हिरव्या, जांभळ्या, लाल पाटीच्या दगडाच्या खाणी आहेत. तो दगड छपरावर शंभर वर्षं टिकतो. शिंगलला वडील शेवटपर्यंत 'कागद' म्हणत. आणि स्लेट शंभर वर्षं टिकणार म्हणून तिच्या सांध्यांना ते तांब्याचा पत्रा लावत, कारण साधा पत्रा तेवढा टिकत नाही. तांबं कापणं, दुमडणं, डाख देणं अण्णा वडिलांच्या हाताखाली शिकले होते.

शनिवारी संध्याकाळपर्यंत उतार भरत आला. राहिलं धुराडं. छपरात जिथे वीट आणि लाकूड भेटतात तिथे पाणी हमखास शिरतं. तिथे पत्र्याचे काटकोनात वाकवलेले तुकडे पायऱ्यापायऱ्यांनी बसवावे लागतात, शिंगलच्या प्रत्येक ओळीमागे एक, विणल्यासारखे. आणि त्यांच्यावर दुसरा पत्रा, विटांच्या सांध्यात खाच पाडून त्यात खोचलेला. भाच्याने अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचं विचारलं. अण्णा म्हणाले, "धुराड्याला हात लावू नका. ते उद्या."

रविवारी सकाळी काकू चर्चला गेल्या. अण्णांनी पाठ दुखत असल्याचं सांगितलं होतं. गाडी कोपऱ्यावरून वळली तसे ते गॅरेजमधून पत्र्याची एक गुंडाळी, एक पेटी आणि डाख द्यायचा टॉर्च घेऊन आले आणि माझ्या तोंडून शब्द फुटायच्या आत शिडीच्या तिसऱ्या पायरीवर होते. कमरेला दोर बांधून घ्या एवढंच मी म्हणू शकलो. तो त्यांनी बांधला.

पत्रा लालसर होता, उन्हात डोळे दिपवणारा. मी कशाचा म्हणून विचारलं. "भंगार आहे. गॅरेजात पडून होतं." पुढचे दोन तास मी त्यांच्याहून दोन हात खाली बसून कात्री, पक्कड, हातोडी देत होतो. ते तुकडा कापायचे, मांडीवरच्या लाकडी ठोकळ्यावर दुमडायचे, धुराड्याला टेकवून बघायचे, पुन्हा काढून केसभर वाकवायचे. दोन्ही बाजूंना सात-सात. पुढचा लांब तुकडा एकसंध, मागच्या तुकड्याच्या कोपऱ्यांना डाख. डाख वितळून चकचकीत रेघेसारखा सांध्यात पळाला तेव्हा ते स्वतःशीच काहीतरी इटालियनमध्ये पुटपुटले. एकदा त्यांचा खुबा आखडला. पाच मिनिटं ते धुराड्याला पाठ टेकून डोळे मिटून बसले. मला म्हणाले, "काही बोलू नकोस. खाली तुझी आई बघतेय."

आई खरंच बघत होती. ते उतरून घरी गेल्यावर ती म्हणाली, "हे तर तांबटाचं काम. तांबं आहे ना ते?"

मी म्हटलं, "हो, पण भंगार होतं. पडून होतं त्यांच्याकडे."

"भंगार एवढं लखलखीत?"

मी पावसाच्या ढगांकडे बघत होतो. तिच्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

पाऊस रात्री दहाला आला. अण्णांनी सांगून ठेवलं होतं की थेंब पडला की फोन कर. रेनकोट घालून, बॅटरी घेऊन ते आले आणि आम्ही दोघं माळ्यावर वाश्यांमध्ये वाकून बसलो. विजा होत होत्या. धुराड्याच्या विटांवरून, फळ्यांच्या सांध्यांवरून त्यांनी बॅटरी सावकाश फिरवली. फळ्या कोरड्या. त्यांनी विटेवर हाताचा पंजा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग माझा हात धरून तिथे टेकवला. कोरडी, किंचित उबदार, खरखरीत वीट. तिच्या पलीकडे पावसाचा घोष चाललेला.

पैशांचं बोलणं त्यांनी काढूच दिलं नाही. भाच्याने तीन दिवसांची मजुरी घेतली, अण्णांनी काही नाही. आईने दिलेली लोणच्याची बरणी तेवढी घेतली. मला ते जड झालं. सप्टेंबरात त्यांनी स्वतःच्या घराचं छप्पर बदलायला काढलं तेव्हा मी आठ दिवसांची रजा टाकली. गठ्ठे वाहिले, खिळे मारले, आणि या वेळी खुर्चीतून "तो काढ" असं फार वेळा ऐकावं लागलं नाही. काकू पूर्ण वेळ अंगणात होत्या, म्हणून धुराड्यापाशी भाचा बसला आणि मी त्याच्या हातात अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे देत होतो. काम संपल्यावर अण्णांनी माझ्या खांद्यावर हात टाकला. निदान अर्धं तरी फेडलं, असं मला त्या संध्याकाळी वाटलं. मी शांत झोपलो.

पुढची साडेआठ वर्षं आम्ही शेजारी होतो. हिवाळ्यात त्यांच्या आधी उठून त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ ओढायचा हा माझा नेम. कित्येकदा तेच आधी उठलेले असायचे. दर जानेवारीत ते येऊन आमच्या वळचणीकडे बघायचे. बोटभर लांबीच्या चार सुळक्यांपलीकडे काही नसलं की मान हलवून परत जायचे. एकदा वादळात दक्षिणेकडच्या, ठेकेदाराने केलेल्या बाजूच्या दहा-बारा शिंगल्स उडाल्या. त्या मी लावल्या, त्यांनी खालून सांगितलं.

२००८ च्या फेब्रुवारीत आईला पक्षाघाताचा झटका आला आणि मी गावी गेलो. तिच्या उशाशी बसलो असताना बायकोचा फोन आला की अण्णा झोपेतच गेले. त्यांच्या अंत्ययात्रेला मी नव्हतो. आईला मी लगेच सांगितलं नाही. चार दिवसांनी सांगितलं. तिला बोलता येत नव्हतं. तिने उजवा हात वर करून कौल पुढच्याला देतात तसा पुढे केला आणि खाली ठेवला. परत आल्यावर काकूंनी मला ती हातोडी दिली. त्याच वर्षी त्यांनी घर विकलं आणि लेकीकडे फ्लोरिडात राहायला गेल्या.

छपरावरचे ओघळ त्यानंतरच्या वर्षांत फार वाढले. आमच्या गल्लीत उत्तरेकडच्या बहुतेक छपरांवर ते आहेत. अण्णांच्या छपरावरही आले, धुराड्याच्या खालीसुद्धा. ते मी माझ्या खिडकीतून रोज बघत होतो.

२०२२ मध्ये आमच्या शिंगल्स थकल्या. या वेळी नीट चौकशी करून काम दिलं. सहा जणांची टोळी आली, सगळे दोरांना बांधलेले, मुकादम ग्वाटेमालाहून आलेला, पस्तिशीचा. त्याचा बापही छपरांचीच कामं करत असे. दुपारपर्यंत त्यांनी दोन्ही उतार उखडून खाली केले. मग मुकादम शिडीवरून उतरून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "साहेब, धुराड्याचं काम कुणी केलंय?"

मला वाटलं काही चुकलंय. तो मला वर घेऊन गेला. उघड्या फळ्यांच्या मधोमध धुराडं उभं होतं आणि त्याच्या पायाशी तो पत्रा, आता तपकिरी झालेला, कुठे कुठे हिरवट. डाख दिलेल्या कोपऱ्यांवरून त्याने अंगठा फिरवला. "असं काम आता कुणी करत नाही. मी याला हात लावणार नाही. हे नव्या छपरात तसंच विणून घेतो. आणखी पन्नास वर्षं जाईल." मग त्याने उखडून टाकलेल्या शिंगल्सच्या ढिगाकडे बोट केलं, तिथे काळ्या तुकड्यांत करडे तुकडे वेगळे दिसत होते. "म्हणून तुमचा तो पट्टा स्वच्छ होता."

ते ओघळ म्हणजे एक सूक्ष्म जीव, ग्लिओकॅप्सा मॅग्मा. शिंगलच्या डांबरात चुनखडीची भुकटी मिसळलेली असते, ओलसर सावलीत तिच्यावर तो जगतो. तांब्यावरून पावसाचं पाणी वाहिलं की तांब्याचा अंश त्यात उतरतो आणि जिथून ते पाणी जातं तिथे हा जीव तग धरत नाही. आता काही शिंगल्सच्या कणांतच तांबं घालतात, ते याचसाठी. अ‍ॅल्युमिनियमने हे होत नाही.

मी म्हटलं, "त्या माणसाने भंगारातलं तांबं वापरलं होतं."

मुकादमाने मान हलवली. "भंगाराला आधीच्या घड्या असतात, खिळ्यांची भोकं असतात. हा नव्या गुंडाळीतून कापलाय. सगळे तुकडे एका जाडीचे, एकाही तुकड्यावर जुनी घडी नाही. महाग असतं हे, साहेब. मुद्दाम विकत आणतात, कुठल्यातरी कामासाठी."

आईचा प्रश्न मला त्या उतारावर उभ्या उभ्या ऐकू आला.

संध्याकाळी मी काकूंना फ्लोरिडात फोन लावला. त्या नव्वदीच्या झाल्या होत्या, ऐकायला कमी येत होतं, पण माझा आवाज त्यांनी ओळखला. छपराचं सांगितलं, मुकादम काय म्हणाला ते सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्या म्हणाल्या, "तो त्या दिवशी वर चढला होता ते मला माहीत आहे. चर्चमधून आले तर त्याच्या पँटच्या गुडघ्यावर डांबर होतं. मी काही बोलले नाही."

मी तांब्याचं विचारलं.

"ती गुंडाळी गॅरेजमध्ये दोन वर्षं होती. आमच्या धुराड्यासाठी आणून ठेवली होती त्याने. बाप लावायचा तसा पत्रा लावायचा होता स्वतःच्या घराला, एकदा तरी. त्या रविवारनंतर ती जागेवर नव्हती. मीही विचारलं नाही."

फोन ठेवून मी मागच्या अंगणात आलो. कुंपणापलीकडे त्यांचं छप्पर होतं, धुराड्यापासून पन्हळीपर्यंत काळं. त्या धुराड्याच्या दोन्ही बाजूंना अ‍ॅल्युमिनियमचे सात-सात तुकडे आहेत. सप्टेंबरातल्या त्या दुपारी ते एकेक करून भाच्याच्या हातात मीच दिले होते, आणि अण्णा खाली खुर्चीत बसून बघत होते.